पाच पॉइंट एक

सोलापूर, ६ जुलै २०२५

प्रतिक्षा,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून लगेच फाडू नकोस, अर्धं पान तरी वाच. फोन तू माझा घेत नाहीस, आणि घेतलास तरी माझ्या तोंडून नको तेच आधी निघतं. कागदावर निदान खोडता येतं, म्हणून पत्र.

बातमी अशी की तुझी आई कॉलेजात जायला लागली. कामाला जाते त्याला तर एकोणीस वर्षं झाली, पण आता बाकावर बसायला. मुक्त विद्यापीठाचं बी.एस्सी. पहिलं वर्ष, केंद्र आपल्याच कॉलेजात, तास रविवारी. सोमवार ते शनिवार ज्या केमिस्ट्री लॅबमध्ये मी काचसामान धुते आणि सोल्युशनं करून ठेवते, तिथंच रविवारी पांढरा ॲप्रन घालून उभी राहते. पहिल्या दिवशी सवयीनं सगळ्यांच्या टेस्ट ट्यूब गोळा करून मी बेसिनकडे निघाले होते. बिराजदार सर हसले आणि म्हणाले, "शालनबाई, आज तुमी विद्यार्थी हाय की. ठेवा खाली." पंचेचाळिसाव्या वर्षी कुणी विद्यार्थी म्हटलं की बरं वाटतं आणि लाजही वाटते.

हे कशासाठी, असं तू विचारशील, म्हणजे विचारलंस तर. लॅब असिस्टंटची जागा निघणार आहे. बारावी सायन्स तर माझं मंगळवेढ्यातच झालेलं, लग्नाच्या आधी. आता पदवीला नाव घातलेलं असलं की वजन पडतं, असं ऑफिसातले म्हणाले. एवढंच कारण आहे.

घरी सगळं ठीक. बाबा अजून महापालिकेत व्हॉल्व्हवरच आहेत. अख्ख्या पेठेला पाणी सोडणारा माणूस, आणि त्याच्या घरात पाणी पाचव्या दिवशी. तुझा फोन आला की ते चप्पल घालून बाहेर जातात आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून बोलतात. मी दारातून बघते. हसले की समजते, तू बरी आहेस.

त्या परीक्षेबद्दल मी लिहिणार नाही असं ठरवलंय. आपल्याच लॅबमध्ये केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला तू नापास झालीस, मी बोलले, तू बॅग भरून पुण्याला गेलीस. येत्या ऑक्टोबरात तीन वर्षं होतील. त्यावर शाई कशाला घालवायची.

तुझी
आई

सोलापूर, २७ जुलै

प्रतिक्षा,

उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे. बाबांना म्हटलं, "पत्राचं काय बोलली का?" तर म्हणाले, "मी न्हाय इचारलं. तुमच्या दोघींच्या मदी मला घालू नगा." म्हणून मी त्यांना घालत नाही.

शेंगाची चटणी आणि कडक भाकरी ट्रॅव्हल्सनं पाठवल्यात, हडपसरला गाडीतळावर उतरवून घे. तुझ्या त्या रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये डबा खायला वेळ देतात का? बाबा म्हणाले, तू आता काउंटरवर नाहीस, मशीनवर असतेस. मला बरं वाटलं. तुझा हात कधी थरथरत नाही.

सध्या आम्हाला अणू शिकवतायत. सगळं इंग्रजीतून, मी पानाच्या कडेला मराठीत लिहून घेते. सर म्हणाले, अणूच्या आत बहुतेक जागा रिकामीच असते. मी मनात म्हटलं, मग दाराच्या चौकटीवर डोकं आपटल्यावर लागतं कशाला? विचारायला लाज वाटली. तासानंतर विचारलंच, तर सर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात सांगतो," आणि पुढच्या आठवड्यात दुसरंच काढलं.

एक मात्र पटलं. इलेक्ट्रॉन ठरलेल्या पायऱ्यांवरच असतो, मधे लोंबकळत नाही. वर जायला ऊर्जा घेतो, खाली येताना ती उजेड होऊन बाहेर टाकतो. घरी येऊन गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकलं, पिवळं धमक झालं. एकोणीस वर्षं मी पोरांना फ्लेम टेस्टचं सामान मांडून देतेय आणि त्या पिवळ्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "मीठ फुकट आलंय व्हय?"

अजून एक सांगायचंय, रागावू नकोस. ट्रंकेतली तुझी केमिस्ट्रीची जर्नल मी काढलीय. तुझ्या आकृत्या किती नीट आहेत गं. परीक्षेच्या दिवशीचे आकडे तू घरी येऊन शेवटच्या पानावर उतरवून ठेवलेले दिसले. मी ते पान उलटून टाकलं.

आई

सोलापूर, १७ ऑगस्ट

प्रतिक्षा,

थर्मोकेमिस्ट्री, म्हणजे रिॲक्शनमधल्या उष्णतेचा हिशेब, सुरू झाली आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. ॲसिड आणि कॉस्टिक, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, एकत्र ओतलं की भांडं गरम होतं, हे मला हातानं माहीत आहे. मग उत्तर वजा का? सर म्हणाले, "भांड्याचं बघू नका. ज्यांची रिॲक्शन झाली, त्यांच्याकडून गेलं का आलं ते बघा. गेलं की वजा." हे मी तीन वेळा वाचलं तेव्हा कुठं शिरलं.

मग हेसचा नियम. सुरुवात आणि शेवट तोच असला की कुठल्याही वाटेनं जा, एकूण उष्णतेत फरक पडत नाही. सर म्हणाले, "मंगळवेढ्याहून सोलापूरला बेगमपूरवरून या न्हाईतर मोहोळवरून या, शेवटी सोलापूरच की." मी म्हटलं, "सर, तिकीट वेगळं पडतं." वर्ग हसला, सरही हसले. तू असतीस तर तूही हसली असतीस, असं मला वाटलं.

माझ्या शेजारी मनाली म्हणून मुलगी बसते, अकलूजची, मेडिकलच्या दुकानात काम करते. न्यूट्रलायझेशनचा, म्हणजे ॲसिड-कॉस्टिकची उष्णता मोजायचा प्रयोग आला तेव्हा तिनं आधी वहीत पुस्तकातलं उत्तर, वजा सत्तावन्न, लिहिलं आणि तिथून मागं हिशेब करत निघाली. मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, आधी उत्तर लिहायचं, मग त्यावरून टेंपरेचर किती वाढलं ते काढायचं. साडेसहा-पावणेसातच्या आसपास ठेवायचं. थर्मामीटर निस्तं बुडवून ठिवायचं, सर आले की बघायचं." मला तिला बोलायला तोंड नव्हतं. तुला आठवत असेल, तुझ्या निकालाच्या दिवशी मी हेच म्हटलं होतं, सगळ्यांनी लिहिलं ते तुला लिहायला काय झालं होतं.

मग सरांनी सोल्युशन कसं करतात ते सांगायला घेतलं. म्हणजे माझंच काम. मी ताठ बसले, आता हे काय मला शिकवणार. सर म्हणाले, कॉस्टिकचे दाणे हवेतलं पाणी ओढतात, झाकण उघडं राहिलं तर गिळगिळीत होतात. त्या ओल्या दाण्यांचे चाळीस ग्रॅम मोजले तर ते चाळीस ग्रॅम कॉस्टिक नसतं, त्यात पाणीच असतं कितीतरी. मग सोल्युशन पातळ, मग उष्णता कमी, मग

डोकं दुखायला लागलं म्हणून मी तासातून उठून आले. बाकीचं पुन्हा लिहीन.

आई

सोलापूर, ३१ ऑगस्ट

प्रतिक्षा,

मागच्या पत्रात वाक्य अर्धं सोडलं होतं, ते तुझ्या लक्षात आलं असणारच. तुझ्या नजरेतून काय सुटतं.

पंधरा दिवस मला जेवण गोड लागलेलं नाही. कॉलेजात कुणी "शालनबाई" अशी हाक मारली तरी हातातलं काम टाकून मी दाराकडे बघते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. काल सरांनी ऑफिसात बोलावलं तेव्हा काय बोलायचं ते मी वाटेत जुळवत गेले, आणि त्यांना फक्त फिल्टर पेपर संपला का ते विचारायचं होतं.

तुझं ते शेवटचं पान मी परत उघडलं. शंभर मिली ॲसिड, शंभर मिली कॉस्टिक, तापमान वाढलं पाच पॉइंट एक. खाली तू लिहिलंयस, तीन वेळा केलं, तेच आलं. मी स्वतः गुणाकार केला, आधी कागदावर, मग मोबाईलवर. वजा बेचाळीस पॉइंट सहा येतं. हिशेबात तुझी चूक नाही.

आता जे लिहितेय ते तुला तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. त्या सोमवारी, सतरा ऑक्टोबरला, कॉस्टिकची बाटली ओली झालेली होती. दाणे एकमेकांना चिकटलेले, तळाशी पाणी. मी पाणी ओतून दिलं, दाणे फिल्टर पेपरवर टिपले, चाळीस ग्रॅम मोजले आणि लिटरभर सोल्युशन केलं. लॅबमध्ये माझ्याबरोबर काम करणारे मायाप्पा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "शालनबाई, ह्ये वलं झालंय की. नवी बाटली काढा की." नवी बाटली स्टोअरच्या कपाटात, किल्ली स्टोअरकीपरकडे, तो येणार अकराला, परीक्षा साडेदहाला. मी म्हटलं, "वलं झालं म्हणून काय इख झालं व्हय? कॉस्टिक त्ये कॉस्टिकच."

मला तेव्हा माहीत नव्हतं गं. मीठ पावसाळ्यात ओलं झालं तरी आपण तेच आमटीत घालतो. मला वाटलं तसंच. किल्ली वेळेवर मिळाली असती तर हे काहीच झालं नसतं.

आई

सोलापूर, १४ सप्टेंबर

प्रतिक्षा,

मागचं पत्र पोस्टात टाकलं आणि त्याच पावली परत फिरून पेटीत हात घालावासा वाटला. त्यात किल्लीचं जे लिहिलंय ते खरं आहे, पण अर्धं. स्टोअरकीपरला फोन केला असता तर तो दहा मिनिटांत आला असता, दत्त चौकातच राहतो. मी फोन केला नाही. का केला नाही, ते आज लिहिते. प्रमोशनच्या मुलाखती सव्वीस तारखेला आहेत, आणि हे पत्र कुणाच्या हातात पडलं तर काय होईल ते मला कळतं. तरी लिहिते.

नवी बाटली मागितली असती तर रजिस्टर निघालं असतं. जुनी एवढ्यात कशी संपली, असं विचारलं असतं. ती संपली नव्हती, मी तिच्यातलं घरी आणलं होतं. तुझी परीक्षा सोमवारी होती, आणि आठवडाभर आपली मोरी तुंबली होती. तू मोरीच्या शेजारी पाटावर बसून अभ्यास करायचीस, नाकाला रुमाल लावून. शनिवारी लॅब बंद करताना मी चहाच्या डब्यात चार चमचे कॉस्टिक घेतलं. तेवढ्यात बाहेर मायाप्पांचा आवाज आला, मी डबा पिशवीत कोंबला आणि बाटलीचं झाकण तिरपंच ठेवून पळाले. शनिवार, रविवार परतीचा पाऊस होता. रविवारी मोरी मोकळी झाली. तू म्हणालीस, "आई, आता कसं बरं वाटतंय." मी खूश झाले होते.

आता सोमवारचं. तू विसरली नसशील, पण मी ते कधी मोठ्यानं बोलले नाही, म्हणून मलाच लिहू दे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तुझा कागद बघितला आणि म्हणाले, "बाकी अकरा जणांचं साडेसहाच्या पुढं आलंय. तुमचं पाच पॉइंट एक? थर्मामीटर वाचता येतं का?" तू म्हणालीस, "सर, मी तीन वेळा केलंय. सोल्युशन वीक असेल." त्यांनी मान वळवून मला विचारलं, "सोल्युशन कुणी केलं? बरोबर आहे का?" माझ्या हातात वॉश बॉटल होती. तू माझ्याकडे बघत होतीस. मी म्हणाले, "व्हय सर, मीच केलंय. बरोबर हाय."

तू लगेच मान खाली घातलीस. तुला तेव्हाच कळलं होतं का?

घरी आल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. स्वतःचं चुकलं की आईवर ढकलतेस, खोटारडी, असं मी म्हणाले. खोटारडी तुला म्हणाले, प्रतिक्षा, आणि डबा अजून ओट्यावर पालथा होता.

बी.एस्सी.ला नाव प्रमोशनसाठी घातलं हे मी तुला लिहिलं होतं. तेही अर्धंच. तीन वर्षं माझ्या मनात तो पाच पॉइंट एक सलत होता. मायाप्पांचं "वलं झालंय की" कानात होतं. मला कुणाला विचारायची सोय नव्हती, म्हणून शिकायला बसले. वाटलं होतं, शिकून कळेल की ओल्यानं काही फरक पडत नाही. तेच कळावं अशी फार इच्छा होती.

शालन
(आई लिहायला हात धजत नाही)

सोलापूर, २२ सप्टेंबर

प्रतिक्षा,

आज मी ते करून बघितलं.

शनिवारी जाताना कॉस्टिकच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीचं झाकण तसंच तिरपं ठेवलं, सरांना विचारून. कशासाठी ते सांगितलं नाही, ओलं झाल्यावर काय होतं ते बघायचंय एवढंच म्हटलं. पाऊस इथं थांबायचं नाव घेत नाहीय. सोमवारी सकाळी दाणे तसेच, त्या दिवशीसारखे. तसंच पाणी ओतलं, तसेच टिपले, चाळीस ग्रॅम मोजले. मायाप्पा आले आणि बघत उभे राहिले. मग त्यांनी घड्याळ धरलं.

आधी नव्या बाटलीतल्या कोरड्या दाण्यांचं केलं. सहा पॉइंट सहा वाढलं. मग ओल्याचं केलं. मी डोळे बारीक करून थर्मामीटरला नाक लावून बसले होते. पारा चढला आणि थांबला. चार पॉइंट नऊ.

मला पाच पॉइंट एक हवं होतं. तुझाच आकडा, दशांशासकट, म्हणजे तुला लिहिता आलं असतं, बघ, तुझंच आलं. खरं सांगते, हात पाच पॉइंट एक लिहायला गेला होता. पाचाचा आकडा निम्मा काढला पण. म्हटलं, कुणाला कळणार आहे, दोन दशांशाचा तर प्रश्न. मग थांबले. त्या दिवशी अकरा जणांना असंच वाटलं असणार, आणि तुला एकटीला वाटलं नव्हतं. पाचावर काट मारली आणि चार पॉइंट नऊ लिहिलं. कागद पाठवतेय, काट दिसेल.

वजा एक्केचाळीस येतं. तुझं बेचाळीस पॉइंट सहा. त्या दिवशीची ओल थोडी कमी असेल. पण साडेसहा त्या बाटलीतून कुणाचंच येणं शक्य नव्हतं. बारा पोरांत खरा कागद तुझा एकटीचा होता, आणि नापास तूच झालीस.

मायाप्पा जाताना म्हणाले, "मी त्या दिवशी बोलायला पायजे हुतं, शालनबाई. तुमची पोरगी हाय, तुमी बगशीला, म्हणून गप बसलो." मी म्हटलं, "मी बगितलं न्हाय."

आता पुढं काय करायचं ते मला कळतंय, पण कागद पुढं ओढवत नाही. एकोणीस वर्षांची नोकरी आहे.

आई

सोलापूर, २८ सप्टेंबर

प्रतिक्षा,

गुरुवारी, पंचवीस तारखेला, मी प्राचार्यांकडे सगळं कबूल करणारा अर्ज दिला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी. सोबत झेरॉक्स आहे, आवक क्रमांकाचा शिक्का मी भांडून मारून घेतला.

अर्ज आधी बिराजदार सरांना दाखवला. त्या परीक्षेत तेच आपल्या कॉलेजचे परीक्षक होते, त्यांना न विचारता वर जाणं बरं दिसलं नसतं. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "मोरीचं कशाला लिहिलं बाई? सोल्युशन चुकलं एवढंच लिहा की." मी म्हटलं, "सर, मग का चुकलं असं इचारतील, आन् मी परत किल्लीचं सांगत बसंन." त्यांनी अर्ज परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "मलापण माहीत हुतं, पोरं आकडे उलटे काढतात. सत्तावन्न मीच फळ्यावर लिहितो की दर वर्षी. प्रतिक्षाचा कागद बघून मला वाटलं हुतं, ही खरं लिहितीय. पण बाहेरच्या माणसापुढं आपल्या लॅबचं नाव जाईल म्हणून बोललो न्हाय." तुला हे कळावं म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहितेय. मला त्यांचा राग आला, पण कुठल्या तोंडानं येऊ देऊ?

प्राचार्य म्हणाले, निकाल बदलता येत नाही, उत्तरपत्रिका कधीच रद्दीत गेल्या, नियमात बसत नाही. मी तरी म्हटलं, "निकाल नगं सर. तिनं खरं लिवलं हुतं, एवढं कुटंतरी कागदावर पायजे." ते म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाई. दोन दिवस थांबला असता तर?" म्हणजे मुलाखत होऊन गेली असती. मी म्हटलं, "तीन वर्सं थांबले की सर."

शुक्रवारी मुलाखतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. शनिवारी मेमो मिळाला, साहित्य घरी नेल्याबद्दल सात दिवसांत खुलासा द्या म्हणून. खुलासा तिथंच उभ्याउभ्या लिहिला, वरील मजकूर खरा आहे. नोकरी राहील असं सर म्हणतात, पगारवाढ अडेल. बाबांना घरी येऊन सगळं सांगितलं. मोरीचंही. ते मोरीपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मला सांगायचं न्हाय का? माज्याकडं सळई हुती." तेव्हा मला रडू आलं. मला त्यांना सांगावंसं वाटलंच नव्हतं, प्रतिक्षा. मला वाटलं होतं, पोरीचा अभ्यास मीच सांभाळतेय.

माफ कर असं लिहीत नाही. लिहिलं की तुझ्यावर उत्तराचा बोजा पडतो. अर्ज तेवढा जपून ठेव. उद्या तुला परत कुठं नाव घालायचं असलं आणि कुणी विचारलं, की बाई तुमची पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला दांडी कशी उडाली, तर दाखव.

आई

सोलापूर, ७ ऑक्टोबर

प्रतिक्षा,

रविवारी पाणी आलं होतं. मी घागरी भरत होते आणि बाबांचा मोबाईल खिडकीत वाजला. या वेळी त्यांनी चप्पल घातली नाही. मेसेज वाचला, परत वाचला, आणि मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाले, "ह्ये तुला हाय. मला काय कळंना."

तू लिहिलं होतंस, 'आईला विचारा, दोन्हीचं सुरुवातीचं तापमान घेतलं होतं का? की नुसतं ॲसिडचं?'

ना कशी आहेस, ना काही. घागर भरून वाहायला लागली तरी मी मोबाईल धरून उभी होते. बाबांनी नळ बंद केला आणि विचारलं, "काय वाईट हाय का?" मी म्हटलं, "न्हाय. चूक काडलीय माजी."

नुसतं ॲसिडचंच घेतलं होतं. कॉस्टिक पाण्यात विरघळताना स्वतःच तापतं, हे मी एकोणीस वर्षं बीकर हातात धरून बघितलंय आणि तरी विसरले. सकाळी घाईघाईनं केलेलं सोल्युशन पूर्ण निवलं होतं की नाही, देव जाणे, मी हात लावून ठरवलं होतं. तुझं पान काढून बघितलं. तुझ्याकडे दोन्ही आहेत, ॲसिड सव्वीस पॉइंट आठ, कॉस्टिक सत्तावीस, आणि खाली तू सरासरी काढलीयस. एवढे दिवस ते पान मी रोज बघतेय, आणि मला फक्त पाच पॉइंट एकच दिसत होतं.

म्हणजे माझं चार पॉइंट नऊ कच्चं आहे. अर्जाला जोडलेला आकडा कच्चा आहे. मी काल सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "कोण म्हणालं?" मी म्हटलं, "प्रतिक्षा." ते म्हणाले, "मग परत करा." त्यांनी फळ्यावरचं सत्तावन्न या वर्षी पुसलंय, पोरं आता थर्मामीटर घेऊन त्यांच्याकडे जातात आणि ओरडा खातात.

परत करायचं सोमवारी, तेरा तारखेला, सकाळी साडेदहाला. शनिवारी जाताना बाटलीचं झाकण तिरपं ठेवीन. सोल्युशन या वेळी बादलीत ठेवून नीट निववीन. अडचण एकच आहे. मायाप्पा सुट्टीवर मैंदर्गीला गेलेत, आणि माझ्या डोळ्यांना आता दशांशाच्या रेघा दिसत नाहीत, चार पॉइंट नऊ होतं की पाच, याचीसुद्धा मला शंका येते. हडपसरहून पहाटेची एसटी धरली तर दहाला स्टँडवर पोचते. बाबा घ्यायला येतील. मी समोर नको असले तर तसं त्यांना सांग, मी मागच्या बेसिनपाशी थांबेन.

मी ढवळीन. आकडा तू वाच. जो दिसेल तो मी लिहीन, आणि सर विचारायच्या आधीच सांगेन की सोल्युशन मी केलंय आणि ते चूक आहे.

आई